मदत हवी आहे: पोहता न येणाऱ्या वडिलांना मालवणला होडीतून प्रवाळ दाखवायचेत

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून लिहितोय. आमचे आप्पा ७१ वर्षांचे. सगळी हयात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेली. पोहता येत नाही, गुडघे कुरकुरतात, आणि होडीचा अनुभव विचाराल तर पंढरपूरला चंद्रभागेतून विष्णुपदापर्यंत, तेवढाच. त्यांच्या बोटात वीसेक वर्षांपासून मंगळासाठी पोवळं आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की मालवणच्या समुद्रात पोवळी असतात. झालं! "आपलं पोवळं जिवंत असताना कसं दिसतं ते एकदा बघायचंय," हा हट्ट आता सोडायला तयार नाहीत.

गेल्या मेमध्ये मी मित्रांबरोबर जाऊन आलो. ती चक्कर पार फसली, म्हणून आधी विचारतोय. इंजिनाच्या होडीत दाटीवाटीनं बसवलं, दुपारी अडीचला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागं नेलं. पाणी ताकासारखं. नांगर टाकला तेव्हा दोरीतून हाताला खर्रकन काहीतरी घासल्याचं कळलं. मग पावाचे तुकडे टाकून मासे गोळा केले, वीस मिनिटांत "चला, झालं". नांगर वर आला तेव्हा त्याच्या दातात तळहाताएवढा तपकिरी तुकडा अडकलेला होता. बारीक बारीक भोकं, वरून शेंबडासारखं बुळबुळीत. होडीवाला म्हणाला, "घ्या, आठवण." मी परत पाण्यात सोडला, पण दिवसभर तो तुकडा डोळ्यापुढून हलत नव्हता.

तर प्रश्न असे. पाण्यात न उतरता आप्पांना काही दिसेल का? यांत्रिक धांगडधिंग्यापेक्षा जुन्या पद्धतीच्या होडीतून कुणी मच्छीमार नेतात का? आणि महिना कोणता धरू? मे म्हणजे मुलांना सुट्टी, पण मेचा अनुभव वर लिहिलाच आहे. जानेवारीच्या मध्यात आम्ही हलत नाही, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, आप्पा नंदीध्वजाच्या मिरवणुकीला चुकत नाहीत. रस्ता सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट असा ठरवलाय, कोल्हापूरला मुक्काम. त्याची काळजी नाही.

दांडीवरचो:
दादा, तो तुकडा परत टाकलात ते बरं केलंत. असं गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे तळहाताएवढ्याला किती वर्षं गेली असतील बघा. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते, उचलून घरी नेलं असतं तर गुन्हा. शिवाय किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं. नांगर वाळूवर टाकायचा असतो, खडकावर नाही. निघायच्या आधी होडीवाल्याला हे एवढंच विचारा. तोंड वाकडं केलं तर दुसरी होडी बघा.

वल्ह्याच्या होड्या आता कमी झाल्या, पण उलांडीवाली लहान होडी अजून मिळते. एका अंगाला बाहेर जो लाकडाचा ओंडका असतो तो उलांडी, त्यानं होडी पटकन कलंडत नाही. आप्पांना मधल्या फळीवर बसवा, टोकावर नको. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय किनारा सोडू नका, मग ते कितीही "मी भीमेकाठचा" म्हणोत.

महिना फेब्रुवारी धरा. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, १ जूनपासून यांत्रिक मासेमारी दोन महिने बंद. आणि महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी ओढ घेतं, तळ ढवळतो. अष्टमी ते दशमी भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी मंद. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमीला दहाचे पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी होते, तेव्हा पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं असतं. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, असतो, लाटा बसलेल्या. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की तुमच्यासारखं ताक. पाणी नितळ नसला तर होडी काढूचीच नाय, असो माणूस गाठा.

निळं पाणी:
वाईट वाटून घेऊ नका, पण आप्पांना आधीच सांगून ठेवा. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, त्याचा सांगाडाच लाल. मालवणला दिसतात ती वेगळी. सांगाडा पांढरा चुन्याचा, वर जिवंत कातडी तपकिरी, हिरवट, करडी. तो रंगसुद्धा आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. तेव्हा "लाल कुठंय?" म्हणून हिरमोड नको व्हायला.

पाण्यात उतरायचं नसेल तर एक सोपी गोष्ट. प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापा, आत पारदर्शक ॲक्रिलिक बसवा, कडेनं सिलिकॉन भरून एक दिवस वाळू द्या. होडीच्या काठावरून ती पाण्यात चार बोटं दाबायची आणि आत डोकं घालायचं. वरची चमक आणि लहरी गेल्या की खालचं स्वच्छ दिसतं. फक्त एकाच वेळी सगळ्यांनी एका बाजूला झुकू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. पाऊणपटीचा हिशोब आप्पांना सांगितला तर दाते पंचांग उघडून बसले. सोलापूरचंच पंचांग, इतकी वर्षं त्यात मुहूर्त बघितले, भरती पहिल्यांदाच काढली म्हणे. माघ शुद्ध दशमी ठरली.

लाल नाही हे ऐकून थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तपकिरी तर तपकिरी. जिवंत आहे ना?"

बादली त्यांनी स्वतःच केली, मला हात लावू दिला नाही. चार दिवसांआड पाणी येतं म्हणून आमच्या परसात मोठा हौद आहे, त्यात चाचणी झाली. तळाशी आईचं दिवाळीत हरवलेलं जोडवं दिसलं! आता आजूबाजूची पोरं रांग लावून हौदात बघतायत.

फक्त एका कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी आत येतंय. सिलिकॉन खरवडून पुन्हा भरू, की त्याच्यावरच दुसरा थर चालेल?