अतिश्रीमंतांवर संपत्ती कर लावला की खरंच सगळे पळून जातात का?

साधासरळ:
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. नोकरी करणाऱ्याचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, त्याला कुणी विचारत पण नाही. आणि ज्याच्याकडे अब्जावधीचे शेअर्स आहेत त्याची संपत्ती एका वर्षात दुप्पट झाली तरी ते विकल्याशिवाय त्यावर काही लागत नाही, मग हा माणूस जगतो कशावर, बंगले विमानं कुठून येतात? आणि संपत्ती कराचा विषय काढला रे काढला की कुणीतरी म्हणतंच, 'फ्रान्सने करून बघितलं, फसलं', की चर्चा संपली. कितपत खरंय हे?
दुसरं म्हणजे कंपन्यांनी मुळात धंदाच नीट करावा, कामगारांना बरे पैसे द्यावे, म्हणजे नंतर वसुलीची वेळच येणार नाही असंही काही लोक म्हणतात. मला ते जरा भाबडं वाटतं. जाणकारांनी सांगा. (पक्षांची धुणी इथे धुवू नका प्लीज)

खातेवही:
कर्जावर जगतो. शेअर्स तारण ठेवायचे, बँकेकडून पैसे उचलायचे. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे त्यामुळे इन्कम टॅक्स शून्य. समजा संपत्ती 100 आहे, वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतेय, खर्चाला 2 उचलले 4 टक्के व्याजाने. वर्षअखेर 108 आणि देणं 2 नि वर थोडं व्याज. विकायचं कशाला? अमेरिकेत तर माणूस गेला की वारसाला ते शेअर्स त्या दिवशीच्या भावाने मिळाले असं धरतात, म्हणजे आयुष्यभरात झालेली वाढ कॅपिटल गेन्स टॅक्समधून (विक्रीच्या नफ्यावरच्या करातून) कायमची सुटली.

म्हणून हल्ली उत्पन्नाऐवजी थेट संपत्तीकडे बघा असं म्हणतात. 2024 मध्ये जी-20 चं अध्यक्षपद ब्राझीलकडे होतं तेव्हा गॅब्रिएल झुकमन या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने त्यांच्यासाठी एक प्रस्ताव तयार केला होता. 1 अब्ज डॉलरच्या वर संपत्ती असेल तर दरवर्षी त्या संपत्तीच्या निदान 2 टक्के इतका कर भरलाच पाहिजे, इन्कम टॅक्स वगैरे धरून आधीच तेवढा भरत असाल तर जास्तीचं काही नाही. जगात अशी साधारण 3,000 माणसं, आणि त्यांच्याकडून वर्षाला 200 ते 250 अब्ज डॉलर येतील असा अंदाज.

आधी_पुरावा:
कागदावर सगळंच छान दिसतं हो. 1990 मध्ये ओईसीडीतल्या (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) 12 देशांत संपत्ती कर होता, 2017 मध्ये उरले 4. जर्मनीत घटनात्मक कोर्टाने 1995 मध्ये आक्षेप घेतला कारण जमिनी-घरांचं मूल्यांकन एका मापाने आणि शेअर्स-ठेवींचं दुसऱ्या, तेव्हा 1997 पासून वसुली बंद. नॉर्वेने 2022 मध्ये दर 1.1 टक्क्यांपर्यंत नेला तर बडी मंडळी स्वित्झर्लंडला गेली. भारतात 1957 ते 2015 संपत्ती कर होता, शेवटी शेवटी वर्षाला जेमतेम हजार कोटी येत होते, तो रद्द करून श्रीमंतांच्या इन्कम टॅक्सवर 2 टक्के सरचार्ज वाढवला. इतक्या सरकारांना अक्कल नव्हती का?

खातेवही:
@आधी_पुरावा आकडे बरोबर आहेत, पण हे कर कशावर होते तेही बघा ना. भारतातल्या करातून 1993 नंतर शेअर्सच वगळले होते. उरलं काय तर दागिने, गाड्या, जास्तीचं घर, शहरातली मोकळी जमीन, बोट नि विमान असेल तर ते. 30 लाखांच्या वर 1 टक्का. म्हणजे ज्याच्या कपाटात सोनं तो भरणार आणि ज्याची अख्खी कंपनी तो मोकळा! हत्ती सोडून शेपूट धरलं तर हजार कोटीच येणार. फ्रान्समध्येही तेच, जो मालक स्वतः कंपनी चालवतो त्याचा हिस्सा 'व्यावसायिक मालमत्ता' म्हणून माफ होता, त्यामुळे सगळ्यात वरचे सुटायचे आणि पॅरिसमध्ये मोठं घर असलेला डॉक्टर सापडायचा. 2018 मध्ये तो कर फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला.

आणि तुमची नॉर्वेची मंडळी गेली कुठे, स्वित्झर्लंडला, जिथे प्रत्येक कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यात) संपत्ती कर आहे आणि तोही शंभरेक वर्षांपासून. नॉर्वेने नंतर देश सोडताना लागणाऱ्या कराचे नियम कडक केले. अमेरिका तर नागरिक जगात कुठेही राहिला तरी कर मागते, नागरिकत्व सोडायचं म्हटलं तर सगळं विकलंय असं धरून हिशेब करते. दार उघडं ठेवायचं की नाही हे कायदा करणाऱ्याच्या हातात असतं.

वेंडर_कोड:
दुसऱ्या प्रश्नावर बोलतो कारण तिकडेच आयुष्य गेलं, मोठ्या ब्रँडला माल पुरवणाऱ्या कंपनीत. नैतिक धंद्याचं कसं असतं सांगतो. क्लायंटकडून चकचकीत आचारसंहिता येते, सही शिक्का मारून परत पाठवायची. मग ऑडिट, तारीख आधीच कळवलेली. त्या आठवड्यात ओव्हरटाइमचं रजिस्टर नवीन लिहून होतं, आग विझवायच्या नळकांड्यांवर नवे स्टिकर, बाहेरच्या दाराची कुलपं निघतात. ऑडिटर भला माणूस असतो पण त्याच्याकडे एक दिवस आणि ही मोठी चेकलिस्ट. आणि त्याच क्लायंटचा पर्चेसवाला पुढच्या महिन्यात मेल टाकतो की यंदा 5 टक्के रेट कमी करा नाहीतर दुसरीकडे जातो. आता ते 5 टक्के कुठून निघणार, मशीनचा हप्ता तर कमी होत नाही, निघतात ते माणसाच्या पगारातूनच.

2013 मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळलं, 1,100 हून जास्त माणसं गेली. त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही आधी ऑडिटं झालेली होती. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कारखान्यांच्या सुरक्षेचा जो करार झाला तो कामी आला कारण तो बंधनकारक होता, ब्रँडने शब्द फिरवला तर कामगार संघटना त्याला लवादापुढे खेचू शकत होती. म्हणून भाबडं वाटतं म्हणालात ते पटलं. चांगला मालक असतो, नाही असं नाही, पण त्याच्या शेजारचा स्वस्तात माल देतो तोवर चांगला मालक ऑर्डर गमावतो.

तिरकस:
आचारसंहिता फ्रेम करून रिसेप्शनला लावायची असते, वाचायची नसते 😀

खातेवही:
@वेंडर_कोड भारी लिहिलंत. कर आणि धंदा या दोन्ही गोष्टी जोडताही येतात. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराने सीईओचा पगार कंपनीतल्या मधल्या (पगाराच्या क्रमाने बरोबर मध्यावरच्या) कामगाराच्या पगाराच्या 100 पट किंवा जास्त असेल तर कंपनीच्या स्थानिक करावर 10 टक्के सरचार्ज, 250 पट गेला तर 25 टक्के, असं केलंय. स्पेनमध्ये मोंड्रागॉन ही कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था 1956 पासून चालू आहे, तिथे वरचा पगार खालच्याच्या साधारण 6 पटीत ठेवतात. त्यांचीही एक घरगुती उपकरणांची कंपनी 2013 मध्ये बुडाली, म्हणजे स्वर्ग नाहीच, पण बऱ्याच कामगारांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं.

आधी_पुरावा:
बरं, व्हॅल्युएशनचं काय? लिस्टेड शेअर्सचा भाव रोज दिसतो, ठीक. पण एखादी स्टार्टअप, गुंतवणूकदारांनी कागदावर अब्जांची ठरवलेली आणि नफा शून्य. मालकाने 2 टक्के रोख आणायचे कुठून? फ्रान्समध्ये फेब्रुवारी 2025 ला झुकमनवालं बिल खालच्या सभागृहात पास झालं आणि जूनमध्ये सिनेटने फेटाळलं, तिथेही हाच मुद्दा गाजला.

साधासरळ:
हा मुद्दा मला पण अडतोय.

खातेवही:
रोख नसेल तर शेअर्सच द्या असं झुकमनचं म्हणणं आहे. 2 टक्के हिस्सा सरकारच्या नावावर.

आधी_पुरावा:
आणि सरकार ते विकणार कुणाला? दुसऱ्या अब्जाधीशालाच ना!

वेंडर_कोड:
विकू दे की. पुढच्या वर्षी त्यालाही 2 टक्के आहेतच. मला विचाराल तर ते शेअर्स आधी तिथल्या कामगारांना देऊ करावेत, हप्त्याने का होईना.