एकाच अक्षांशाचे दोन हिवाळे

नमस्कार मंडळी,
मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी सामानाची यादी करतो आहोत. न्यूझीलंडचं ख्राइस्टचर्च ४३.५ अंश दक्षिण, कॅनडाचं टोरांटो ४३.७ अंश उत्तर. एकाकडे जुलैत जायचं, दुसरीकडे जानेवारीत. मग एकच यादी चालेल ना?
– कोथरूड

काका, नाही चालणार. ख्राइस्टचर्चला जुलैत दुपारी ११ अंशांच्या आसपास असतं, पहाटे शून्य-दोन. टोरांटोला जानेवारीत भर दुपारीही पारा बहुधा शून्याखालीच, रात्री उणे सात-आठ नेहमीचंच. हा सगळा समुद्राचा प्रताप. दक्षिण गोलार्धात जमीन जेमतेम १९ टक्के, आणि ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात तर जवळपास पाणीच पाणी. ते सावकाश थंड होतं. टोरांटोवर मात्र आर्क्टिकची हवा गोठलेल्या जमिनीवरून थेट उतरते. सूर्याच्या अंतराचा तर्क कुणीतरी लढवेलच, म्हणून सांगून टाकते: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, टोरांटोच्या ऐन कडाक्यात!

आता यादी. टोरांटोत थंडी बाहेर असते, घरात २०-२१ अंश. म्हणून पटकन काढता येतील असे थर हवेत: अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, वर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जाकीट), त्यावर वारा अडवणारा कोट. सुती बनियन नको. घामाने ओलं होतं आणि अंगावरच गार पडतं. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, जाड मोज्यांनी पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात.

ख्राइस्टचर्चला उलटं. जुन्या घरांत एकच खोली तापवतात, निजायची खोली गारच राहते. थर्मल तिथे रात्री लागतं. शिवाय लोकरी मोजे आणि गरम पाण्याची पिशवी. ओले कपडे घरात वाळत घालू नका, काचांवर पाणी साचून भिंतींना बुरशी धरते. रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडायच्या. आणि खोली मागायची ती उत्तरेची! तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो, झोंबरं वारं दक्षिणेचं. पुण्याचा हिशेब पुरता उलटा.
– औंध

गाडीचं राहिलं. टोरांटोत हिवाळी टायर हवेतच. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते. उणे दहाच्या खाली बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठही फारसं चालत नाही, तेव्हा पायऱ्यांवर वाळू टाका. ख्राइस्टचर्चला बर्फ क्वचित पडतो, पण पहाटे सावलीतल्या वळणांवर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो. डोंगराकडे जाताना डिकीत बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या हव्यात. त्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायच्या, थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताणायच्या, नाहीतर सैल साखळी चाकाच्या आतल्या भागावर आपटून ब्रेकची नळी तोडते. घरीच, उजेडात, एकदा लावून बघा. आणि काचेवरच्या बर्फावर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते.
– सहकारनगर