पाणी ओसरल्यावरचं लिहा

पुराच्या रात्रीचं सगळेच विचारतात. हा धागा त्यानंतरच्या दिवसांसाठी. नदीकाठच्या वस्तीत राहिलेल्यांनी जमेल तसं लिहा. सुरुवात मी करते.

गाळ पाणी उतरत असतानाच खराट्यानं बाहेर ढकलायचा असतो. वाळला की पहार लागते. पहिल्या पुरात हे ठाऊक नव्हतं, तीन दिवस खणत बसलो आणि तीन दिवसांची मजुरी बुडाली. पाण्याची रेघ भिंतीवर कमरेएवढी होती, पण ओल तिच्याही वर हातभर चढली. महिनोन्‌महिने हटली नाही. धाकट्याचा खोकलाही.

*

आम्ही भाडेकरू, करार तोंडी. पंचनाम्याला आलेल्यांचा पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर? मदत मालकाला मिळाली. तो तिथे राहतही नव्हता! माझं शिलाई मशीन दोन दिवस पाण्यात होतं, ते कुठल्याच रकान्यात बसेना. पुढे मालकानं भिंतींना रंग मारला नि भाडं वाढवलं.

*

ताई, आमच्याकडे कागदांनी रडवलं. आईनं जपून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले, आणि पेटी पलंगाखाली. चिमटे लावून दोरीवर वाळवले, पण शाई फुटलेली. माझ्या दाखल्यावर जन्मसालच उरलं नाही. नवा काढायला गेलं, तर जुना आणा म्हणतात.

*

आम्हाला ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फसवलं. एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही, असं धरून चाललो. लेकीनं गणित मांडून दाखवलं: त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. तीस वर्षं तिथेच राहिलं, तर निदान एकदा गाठण्याची शक्यता 26 टक्के. तेही नदीचं पात्र आणि वरचा उतार जुनाच राहिला तर. भराव पडले, जमीन सिमेंटखाली गेली, की तो हिशेबही जुना.

*

आमचं पुनर्वसन झालं. चौथा मजला, कोरडं घर, तक्रार नाही. पण बायको कामांना चालत जायची, आता दोन बस बदलते. चारातली दोन कामं सुटली. मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या आजी भलत्याच इमारतीत गेल्या. आमच्या जुन्या खोलीच्या जागी पुन्हा पत्रे उभे राहिलेत. कामाजवळ परवडेल अशी दुसरी जागा कुठे आहे?

*

मशीनवाल्या ताई, मशीनचं पुढे काय झालं?

*

सगळं खोलून तेल घातलं. चालतं. मधेच टाके सोडतं, म्हणून ब्लाउज घेत नाही, पिशव्याच शिवते.