मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये टोक्यो डोम की ओसाकाचा क्योसेरा डोम?

मंडळी, ऑगस्टमध्ये बाबांना घेऊन जपानला जातोय. क्रिकेटवेड्या माणसाला आता बेसबॉलची एक तरी मॅच मैदानात बसून बघायचीय. तिथला तेव्हाचा दमट उकाडा त्यांना सोसणार नाही, म्हणून छताखालचंच स्टेडियम हवं.

मला स्वतःला १९८८चा टोक्यो डोम खुणावतोय. त्याचं पांढरं छत आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं आहे. दाब टिकावा म्हणून फिरते दरवाजे ठेवलेत, हे बाबांना दाखवायचंच आहे! पण ऑगस्टमध्ये हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाच्या घरच्या मैदानावर, कोशिएनवर, शाळकरी मुलांची स्पर्धा असते, तेव्हा हा संघ काही सामने क्योसेरा डोममध्ये खेळतो. टायगर्सच्या चाहत्यांचा जल्लोष बघायचा मोहही सुटत नाही.

खरी अडचण जागेची. आउटफिल्डमागच्या स्टँडमध्ये ढोल, ट्रम्पेट, प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं, आणि आपली बॅटिंग असेपर्यंत सगळे उभे. बाबांचे गुडघे दुखतात, तेवढं उभं राहणं जमणार नाही. इनफिल्डजवळच्या स्टँडमध्ये बसून ती मजा येते का? वरच्या मजल्यावर पायऱ्या किती चढाव्या लागतात? पाठीवर टाकी घेऊन बिअर विकणाऱ्या मुली पायऱ्या चढत-उतरत असतात, ते बघूनच मला धडकी भरते.

शिवाय आम्ही शाकाहारी. एदामामे, म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, यांखेरीज पोटभर काही मिळतं का? घरचे ठेपले आत नेऊ देतात का? आणि तिकिटं भारतातून काढताना कार्ड चाललं का, तेही कृपया सांगा.