मागच्या ॲक्सलला १२१ चे टायर पुरतील का?

मंडळी, मदत हवी आहे. ट्रेलर ओढायला वापरतो त्या हेवी-ड्यूटी पिकअपचे टायर बदलायचेत. मागे दोनच चाकं, जोडचाकं नाहीत. दाराजवळच्या स्टिकरवर मागच्या ॲक्सलची मर्यादा २,८५० किलो दिलीय.

पसंत केलेल्या टायरवर १२१/११८ लिहिलंय, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा (लोड इंडेक्स). १२१ म्हणजे एका टायरला १,४५० किलो. ११८ चा आकडा जोडचाकांसाठी, तो सोडून दिला. दोन टायरचे मिळून २,९००, म्हणजे हातात उरतात जेमतेम ५० किलो! तेही टायरवर लिहिलेली पूर्ण ८० पीएसआय हवा असेल तर. हवा उतरली की क्षमताही उतरते. त्यात ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडतो त्या मागच्या हुकावर) येणार, वर हौद्यातलं सामान. टायरची मजबुती प्लायमध्ये, म्हणजे थरांच्या हिशोबात सांगतात, त्यावरून एक मित्र म्हणतो, "१० प्लायचे आहेत ना, मग डोळे झाकून घे." मला काही ते पटत नाही.

१२५ चे, म्हणजे १,६५० किलोवाले घेतले तर रिमची क्षमताही बघावी लागेल ना? ती रिमवर नेमकी कुठे कोरलेली असते? आणि भरलेला ट्रेलर जोडून फक्त मागच्या ॲक्सलचं वजन काट्यावर कसं करता तुम्ही?