सेरेंगेटीत कोरड्या दिवसांत चंगळ नसते

कोणीतरी लिहिलंय की कोरड्या हंगामात सिंहांची चंगळच असते, पाणवठ्यावर दबा धरून बसलं की झालं. नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात हे बऱ्याच अंशी खरं आहे. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मैदानात मात्र गणित उलटं. जून ते ऑक्टोबर (आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा) तिथलं गवत वाळतं आणि दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) उत्तरेला, केनियाच्या सीमेवरच्या माराकडे निघून जातात. सिंहांचा कळप त्यांच्यामागे जात नाही. हद्द सोडली तर शेजारचा कळप ती बळकावणार, आणि लहान बछडी एवढं चालणार कशी?

मग मागे उरलेल्यांवर भागवायचं: रानम्हैस, टोपी हरीण, वॉर्टहॉग (आफ्रिकेतलं सुळेवालं रानडुक्कर). वॉर्टहॉग बिळात शिरला की सिंहीण पुढच्या पंजांनी माती उकरत बसते, खांद्यापर्यंत आत घुसते, दम खाते, पुन्हा उकरते. एवढ्या खटाटोपानंतर मांस मिळतं ते मोठ्यांनाच जेमतेम पुरेल इतकं. बछड्यांचा नंबर शेवटी लागतो, आणि बरीच बछडी भुकेनेच दगावतात. माझ्या तर पोटात तुटतं हे वाचताना.