पिनबॉल यंत्राची दुरुस्ती: काम उक्ते द्यावे की तासाच्या दराने?

नमस्कार मंडळी,

शिकागोच्या एका उपनगरात राहतो. गेल्या महिन्यात, गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांकडून विल्यम्स कंपनीचे 1990 सालचे 'फनहाऊस' हे पिनबॉल यंत्र (उतरत्या फळीवर धातूचा चेंडू टोलवत गुण मिळवण्याचा खेळ) विकत घेतले. पॅट लॉलर यांची ही रचना. यात रूडी नावाचे बोलके डोके आहे. यंत्रातल्या घड्याळात बारा वाजले की तो झोपी जातो, त्याचे तोंड उघडते आणि त्यात चेंडू मारायचा असतो. आमच्या रूडीचे डोळे मिटतात, पण जबडा हलत नाही.

त्याखेरीज उजवा फ्लिपर (चेंडू टोलवणारी दांडी) इतका ढिला पडला आहे की चेंडू रॅम्पवर, म्हणजे चढाच्या वाटेवर, अर्ध्यातूनच परत येतो, मैदानावरचे (चेंडू फिरतो त्या फळीवरचे) निम्मे दिवे लागत नाहीत आणि एका रांगेतले सगळे स्विच मृत आहेत. मागची पेटी उघडली तेव्हा मुख्य बोर्डावरच्या तिन्ही पेन्सिल सेल गळलेल्या दिसल्या. खालच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट पापुद्रा धरला आहे. दिव्यांच्या वायरींचा कनेक्टर ओढून पाहिला, तर त्याचे पांढरे प्लास्टिक चॉकलेटी पडून ठिसूळ झाले होते.

पहिल्या कारागिराने 150 डॉलर घेऊन कॉइलचा (फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या विद्युतचुंबकी गुंडाळीचा) उडालेला फ्यूज बदलून दिला आणि तो त्याच संध्याकाळी पुन्हा उडाला. फ्यूज का उडतो, कॉइल चालू-बंद करणारा कोणता ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे, हे त्याने तपासलेच नव्हते, आणि परत येण्याचे त्याने वेगळे पैसे मागितले. म्हणून या वेळी सगळे आधी लेखी ठरवायचे आहे.

आता हाती दोन कोटेशने आहेत. एक जण घरी येऊन काम करील: पहिल्या तासासह भेटीचे 120 डॉलर, पुढे तासाला 90, सुटे भाग वेगळे, कमाल मर्यादा नाही. दुसरा यंत्र घेऊन जाईल आणि 1400 डॉलरमध्ये साफसफाई, नवी रबरे, सर्व दिवे व तिन्ही फ्लिपरची पूर्ण दुरुस्ती (प्लंजर, लिंक, स्लीव्ह, कॉइल स्टॉप हे आतले भाग) करील; बोर्डाचे मात्र "काम सुरू झाल्यावर बघू" असे म्हणतो. मला नेमकी हीच अट खटकते, कारण सेलमधला क्षार निघाला नाही तर तो बोर्ड खातच राहणार आणि वरची साफसफाई वाया जाणार.

ज्यांनी या काळातली यंत्रे दुरुस्त करून घेतली आहेत, त्यांना माझी विनंती आहे की बोर्ड काढून टपालाने स्वतंत्र तज्ज्ञाकडे पाठवणे आणि उरलेले यांत्रिक काम स्थानिक माणसाला उक्ते देणे, अशी विभागणी व्यवहारात जमते का, आणि मग बिघाड उलटल्यास जबाबदारी कोणाची धरायची, हे कृपया सांगावे. तासाच्या दराने काम देताना "इतक्या रकमेपुढे विचारल्याशिवाय जाऊ नये" अशी अट कारागीर मान्य करतात का? कामाची हमी किती दिवसांची मागावी? बदललेले जुने भाग परत मागणे रास्त ठरेल का?

मैदानावरचा रंग चेंडू आत पडतो अशा एका खड्ड्याच्या तोंडाशी लाकडापर्यंत झिजला आहे. संपूर्ण क्लिअर कोटसाठी (पारदर्शक लेपासाठी) वरचा प्रत्येक भाग उतरवावा लागतो आणि तो खर्च आज परवडणारा नाही. तोवर झीज वाढू नये म्हणून त्या खड्ड्याला पत्र्याचे संरक्षक कडे बसवणे पुरेसे आहे का, हेही कळावे. बोर्डाची छायाचित्रे हवी असल्यास आज रात्री काढून देतो.